त्याची फेक

होमराज पचारेनं चार वर्षांत किती फेकी टाकल्या
ते पिंपळशेंडे सरांच्या वहीत आहे,
निळ्या शाईत, पोचलेल्या वेगळ्या, हुकलेल्या वेगळ्या.
मला विचाराल तर मी एकही पाहिली नाही.

मी सेंटर होतो.
वाकायचं, दोन पायांमधून चेंडू मागं द्यायचा
आणि धावत येणारा गडी छातीवर घ्यायचा.
पाठीमागं काय चाललं ते
समोरच्याच्या डोळ्यांत वाचायचो:
बुबुळं वर सरकली, म्हणजे चेंडू सुटला.
खाली आली, म्हणजे गेला होमराज मातीत.

चेंडू सरांनी पुण्याहून आणलेला, एकच.
पोरं हसली, हा कुठला, दोन्हीकडून चोखलेला?
होमराजनं तो तळहातावर तोलला,
कानाशी नेऊन बोटानं टकटक केलं,
पिकलं का पाहावं तसं.

त्याच्या घरची डांगरवाडी.
दिवाळीनंतर वर्धेचं पाणी मागं सरलं
की रेतीत खड्डे, खड्ड्यात शेणखत, मग वेल.
सातव्या वर्षापासून तो साखळीत उभा,
या हातानं घ्यायचं, त्या हाताला द्यायचं, बंडीपर्यंत.
फुटलं ते दुपारचं जेवण.

आमचं मैदान बाजार समितीच्या मागं.
चुन्याच्या रेषा बुधवारी बैल पुसून टाकायचे.
हेल्मेट सात, त्यातली दोन मोटरसायकलची.
अमरावतीत हरलो. नागपुरात जिंकलो, एका पॉइंटानं,
शेवटच्या फेकीवर.
म्हणतात की ती फार सुंदर होती.
माझ्या तोंडात तेव्हा माती होती.

त्या फेकीवर त्याला हैदराबादला बोलावणं आलं.
छताखालचं मैदान, आमच्या अर्ध्याहूनही लहान,
कडेला गादीच्या भिंती,
गुडघे सोलणारं प्लास्टिकचं गवत.
फोनवर म्हणाला, "वाराच नाही बे इथं.
चेंडू जिथं फेकला तिथंच जाते."
मला कळेना, ही तक्रार आहे की काय.

पहिल्या वर्षी एकोणीस टचडाऊन.
दुसऱ्या वर्षी भिंत आणि उजवा खांदा.
तिसऱ्या वर्षी पगार लांबला, मग लीगच संपली,
हॉलमध्ये लग्नं लागू लागली.
नऊ नंबरची जर्सी आणि एक चेक घेऊन तो परतला.
जर्सी अजून आहे.

पानठेल्यावर विचारायचे,
"काय खेळत होता रे तू?"
"फुटबॉल."
"मंग हातानं काहून फेकत होता?"
तो चुना मळत राहायचा.

यंदा मार्चमध्ये त्याला माणसं कमी पडली.
जिनिंगमधून दोन दिवसांची सुट्टी टाकून मी गेलो.
तो खाली रेतीत, मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत,
अन् उभं राहिल्यावर ध्यानात आलं:
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मी त्याच्याकडं तोंड करून उभा आहे.

खांदा आता कानाच्या वर जात नाही.
त्यानं डांगर मांडीजवळून उचललं,
कंबर फिरवली, पाय आधी, हात मागून,
आणि सोडलं.

ते लांबट फळ आपल्याच अंगाभोवती फिरत आलं,
डुगडुगलं नाही,
गडद पट्टे, फिके पट्टे, सगळे मिळून एकच रंग झाले,
सावली रेतीवरून, चाकावरून, फाळक्यावरून चढत आली,
अन् मी हात कुठं धरीन
ते त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

मी हात धरलेच नाहीत.
ते छातीला लागून ट्रॉलीत पडलं, फुटलं,
चपलांवर लाल पाणी.
"पाहतं काय बे! झेल ना!"
दोनशे चाळीस बाकी होती.

दुपारी तेच खाल्लं, रेतीसकट.
सर, वही अजून असेल तर
ही एक लिहून घ्या.
हुकलेल्यांत नको. आली होती ती.