थांबतो किती

वास आधी मला आला.
रबराचा नव्हे, रिकाम्या तापलेल्या तव्याचा,
आणि त्यात काहीतरी गोडसर,
ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही.
मागे सहा खेचरं, त्यांची खोगिरं, महिनाभराचा दाणा,
पुढे लोव्हेलकडे उतरणारा बिगहॉर्नचा घाट,
आणि मधे आमचा पिकअप,
ज्याच्या दारावर चकचकीत अक्षरांत लिहिलं होतं
हेवी ड्यूटी.

रुलन काही बोलला नाही.
त्याचा पाय खाली, आणखी खाली,
पार पत्र्याला टेकला
तरी गाडी आपल्याच तंद्रीत.
ट्रेलर आम्हाला घरी घेऊन निघाला होता.

सुटलेल्या ट्रकांसाठी खडीची वाट असते ना,
वीस वर्षं तिच्यावरून जाताना मी म्हणायची,
इथे कोण शिरणार.
आम्ही शिरलो.
चाकं आसापर्यंत रुतली, धूळ आमच्याही पुढे गेली
आणि मग सावकाश परत येऊन काचेवर बसली.
मागे डेल्माने, आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या खेचराने,
एकदाच पाय आपटला.
बरं, म्हणाल्यासारखा.

बिलिंग्जला थेनकडे जुने ट्रक असतात.
हा पूर्वी वीज कंपनीचा,
नाव खरवडून काढलेलं,
तरी उन्हात तिरकं पाहिलं की वाचता येतं.
रुलनने विचारलं, ओढतो किती?
थेन सँडविच खात होता.
ओढतं सगळंच, म्हणाला,
माझी सासूसुद्धा ओढायची.
थांबतो किती, ते विचार.

रविवारी चर्चच्या पायरीवर जाऊबाई म्हणाल्या,
अडुसष्टाव्या वर्षी लोक गाडी लहान करतात,
घर लहान करतात,
आणि तुम्ही?
मी म्हटलं, बटाट्याचं सॅलड घ्या.

खरं तर त्यांचं चुकलं नव्हतं.
तो गॅरेजात मावत नाही.
मिल्कशेकच्या खिडकीखालून जात नाही.
चढायला दोन पायऱ्या,
दोन्हींवर रुलनचे गुडघे कुरकुरतात.
आणि चढावर तर जुन्याहून मंद,
तरणी पोरं पिकअपमधून हॉर्न मारत पुढे जातात.
जाऊ देत.
वरून त्यांची टपं दिसतात मला.

पिकअप कोल्बीने नेला, माझ्या भाच्याच्या मुलाने.
सीटखाली दोन नाल निघाले, एक डावा हातमोजा,
आणि ज्याच्यासाठी मी रुलनशी तीन दिवस भांडले होते
तो माझा वाचायचा चष्मा.
रुलनने उन्हाच्या झापेवर जाड पेनाने लिहिलं,
दहा हजार पौंड. वर एक गवताची काडी नाही.
कोल्बी हसला.
बावीस वर्षांची असते तर मीही हसले असते.

नव्याची एक खोड आहे.
किल्ली फिरवली की लगेच निघता येत नाही,
ब्रेकमध्ये आधी हवा भरावी लागते.
दोन तबकड्या, दोन काटे,
ते वर चढेपर्यंत भोंगा कोकलत राहतो
आणि चाकं जागची हलत नाहीत.
रुलन, जो आमच्या लग्नालाही
इंजिन चालू ठेवून आत आला होता,
आता हात मांडीवर ठेवून बसतो.
चार मिनिटं. थंडीत सहा.

त्या मिनिटांत मला कळलं
भावाशी तो का बोलत नाही ते,
आणि त्याला माझी बीटची भाजी
पहिल्यापासूनच आवडत नव्हती हेही.
परवा म्हणाला,
त्या खडीत मी मोजत होतो.
काय?
खेचरं. एक, दोन, तीन, आणि चुकलं की पुन्हा एक.
भोंगा थांबला होता.
मी विचारलं, मला मोजलंस?
तुला आधी, म्हणाला,
आणि काट्याकडे बघत राहिला,
जणू काटाच त्याच्याशी बोलत होता.

एकशेवीस.
त्याने पिवळी कळ आत ढकलली.
फुस्स.
मागे डेल्माने पाय आपटला.