मधली सपाटी

सातपूरच्या शॉपमध्ये भंगार मोजायचा काटा आहे.
त्याच्यावर सॅक ठेवली: अकरा किलो चारशे.
वाल्मीक म्हणाला, तंबूच्या काठ्या तुझ्याकडे, भांडी माझ्याकडे,
आणि कांदे घेऊ नकोस,
वणीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांदेच आहेत.
मी तरी चार घेतले.

जुन्या सीबीएसवरून सव्वासहाची गाडी.
मुळाणे बारीत उतरवताना कंडक्टर म्हणाला,
गडावर नाही का? सगळे गडावर जातात.
आम्ही उलट्या बाजूला बोट दाखवलं.
तिकडे काय आहे, असं विचारता विचारता
त्यानं डबल बेल दिली.

तिकडे काही नाही, म्हणून तर.

डिसेंबरातलं गवत, पायाखाली पापडासारखं मोडणारं.
कुसळांनी मोजे पुन्हा एकदा विणून काढले.
दुपार कलली तेव्हा वर पोहोचलो:
एका हाताला रवळ्या, दुसऱ्या हाताला जवळ्या,
वाटणी झाल्यावरही
एकमेकांच्या दारासमोरच बसणारे दोघे भाऊ,
आणि मध्ये ही सपाटी.
एक झोपडी, सात-आठ गाई, एक टाकं.
टाक्यातलं पाणी हिरवं, पण थंड.
वाल्मीकनं गमछातून गाळलं आणि आधी मला दिलं.

एकवीस वर्षं पॉवर प्रेसवर आहे मी.
चार सेकंदाला एक ठोका, ठोक्याला एक वायसर.
दिवाळीनंतर डॉक्टरांनी कानाचा आलेख काढला,
उजवीकडची रेघ
जिन्यावरून घसरल्यासारखी खाली गेलेली.
म्हणाले, अधूनमधून शांत जागी जात जा.

ही घ्या शांत जागा.
वारा पडला. वाल्मीकनं स्टोव्ह विझवला.
आणि माझ्या कानात
आख्खी सेकंड शिफ्ट चालू झाली.

सातपूरला तो आवाज निदान गर्दीत मिसळून जातो,
रिक्षा, कुकर, जिन्यातली भांडणं.
इथं त्याला आडोसाच नव्हता.
मी त्याच्याकडे बघत बसलो,
आवाजाकडे बघता येतं हे मला ठाऊक नव्हतं.
समोर गडाचे दिवे लागले,
लांबून, मुक्याने.

मग टॉर्च हलवत झोपडीतला माणूस आला,
चिमण भोये.
इथं नका लावू तंबू, हा गाईंचा रस्ता.
पहाटे त्या तुमच्यासाठी वळणार नाहीत.

पुन्हा कोण उपटणार सगळं?
तिघांनी तंबू तसाच उचलला,
आतल्या सॅका, अंथरुणं, वाल्मीकचा चष्मा, सगळ्यासकट,
डोलीतून माणूस नेतात तसा,
अंधारात पावलं जुळवत.
चिमण म्हणाला, असंच नेलं होतं धाकट्याला,
बारीपर्यंत.
भर पावसात.
पुढचं तो बोलला नाही.
तो माझ्या उजव्या बाजूला होता,
मला ऐकू आलं नाही असं
मी सहज दाखवू शकलो असतो.
तेच केलं.

त्याच्या चुलीतल्या निखाऱ्यात माझे चार कांदे भाजले.
तीन वाल्मीकनं खाल्ले.
चौथा चिमणनं सोलून, फुंकर मारून,
माझ्या हातावर ठेवला.
तेव्हा विचारलं, किती वर्षांचा होता?
तेवीस, तो म्हणाला,
आणि चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

रात्रभर कान वाजत राहिला.
मधूनच वाल्मीकचं घोरणं, मधूनच काहीतरी
गवतातून सरसरत जाणारं.
झोप लागली तेव्हा शिफ्ट सुटली होती की नाही,
आठवत नाही.

पहाटे गाई आल्या.
आमच्याकडे एकीनंही पाहिलं नाही.
कालच्या जागी गवत दबून
तंबूएवढा चौकोन उमटला होता.
सगळ्या त्यावरून सरळ गेल्या.
एक कालवड तेवढी थांबली,
खाली मान घालून हुंगत राहिली,
चिमणनं हाक मारली तरी
लवकर हलली नाही.