बुरा

भिंडचा एक मुलगा, कुशवाह, इंजिनिअरिंगचा,
चौसष्ट रुपये उधार ठेवून गेला
आणि गहाण म्हणून एक सीडी.
सन दोन हजार चार. दौलतगंजात तेव्हा
झेरॉक्सचं मशीन एकच होतं, माझं.

कव्हरवर उघडाबोडका डोंगर, खाली चार अक्षरं.
जुळवून वाचलं : बुरा.
समोरचा गोयल म्हणाला, शितोळेसाब,
नाम तो अच्छा रख लेते!
मंदाकिनीला वाटलं, तुपाशी कालवतात तो बुरा.

लावली.
आधी कातळावर पहार पडावी तसे ड्रम,
मग गिटारी, पत्र्याच्या गोदामात शटर ओढल्यासारख्या,
आणि त्या सगळ्या लोखंडाच्या पोटातून
एक मशकबीन.
सव्वीस जानेवारीच्या परेडीत वाजते तसलीच,
फक्त हिला कुणी दावणीला बांधलेलं नव्हतं.
गिऱ्हाईक म्हणालं, मशीन बिघडलंय काय?

क्रोएशिया इराच्या अ‍ॅटलासात सापडला,
समुद्राच्या कडेला, चावून ठेवलेल्या पोळीसारखा.

दुसरी सीडी दिल्लीहून भाच्याने आणली.
तिसरी यायला पाच वर्षं लागली. तोवर
माझे वडील गेले, रस्ता रुंद झाला,
दुकान साडेतीन फूट आत सरकलं.
बुलडोझर आला त्या रात्री मी तिसरं गाणं
सात वेळा ऐकलं. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं.
खात्री होती, लढाईचं गाणं आहे.
असं ओरडतं कोण, लढाई नसेल तर?

पत्र टाकलं. सेन्य नावाच्या गावी, कव्हरच्या आतल्या पत्त्यावर.
उत्तर आलं अकरा महिन्यांनी,
मशकबीनवाल्या झ्वोनिमिरचं, शाळकरी इंग्रजीत.
बुरा म्हणजे आमचा वारा, त्याने लिहिलं होतं.
डोंगरावरून समुद्रात उडी घेतो, ट्रक उलटवतो.
तिसऱ्या गाण्यात एक म्हातारी आहे.
वारा यायच्या आत ती शेळ्या खाली आणते
आणि छपरावर दगड ठेवते.
बस्, एवढंच. ती माझी आजी.

ताजा कलम : आता मी स्टुटगार्टला ट्रक चालवतो.

चौथ्या सीडीत मशकबीन होती, पण कीबोर्डातली.
कळतं हो. बुऱ्यात मैदा मिसळला की
जिभेला कळतं तसं.
तरी मी ती पुन्हा पुन्हा लावली,
आजारी माणसाला भेटायला जातो तसा.

मग ड्रमवाल्या आन्तेचं कार्ड.
शेवटचा कार्यक्रम एका बंद खाणीत झाला.
एकशेचाळीस माणसं, त्यातली तीस नात्यातली.
झ्वोनिमिर रात्रभर ट्रक हाकत आला,
एकच गाणं वाजवलं, सकाळी परत गेला.
कोणतं गाणं, ते आन्तेने लिहिलं नाही.
मी विचारलंही नाही.

परवा कुशवाह आला. टक्कल पडलंय,
बरोबर चष्म्याची मुलगी, तिच्या अ‍ॅडमिशनचे कागद.
अंकल, मेरा कुछ बाकी था यहाँ.
शंभराची नोट काढली. मी छत्तीस परत दिले.
मग गल्ल्याखालून सीडी काढून पुढे केली.
त्याने उलटीसुलटी करून पाहिली.
ये मेरी नहीं है, म्हणाला,
रूममेट की होगी. मैं तो ये सब सुनता ही नहीं.

जून. रस्त्यावर लू
पत्रे तापवत, धूळ गिळत निघालेली.
मी शटर अर्ध्यावर ओढलं,
मुलीच्या मार्कशीटवर किल्ल्याखालचा दगड ठेवला,
उडू नये म्हणून.
कधीपासून ठेवतो तो, आठवत नाही.

अंकल, आवाज थोडा कम, ती म्हणाली.

मी कमी केला. मग विचारलं,
कितनी कॉपी?