शेरा

प्रिटोरियाच्या संग्रहालयात माझी नोकरी अक्षराची.
जुन्या चिठ्ठ्या विटल्या,
नखाएवढ्या कागदावर मी त्या पुन्हा लिहिते:
एन्कोस्टर्नम. लिम्पोपो. जून, १९३१.
वर टाचणीत तो, बोटाच्या पेराएवढा.
डोकं इतकं लहान की मागाहून आठवून चिकटवल्यासारखं,
खांदे मात्र आडवे, पैलवानी.
पाठीवर त्रिकोणी ढाल,
ढालीच्या टोकापुढे पंखांचा पापुद्रा,
कांद्याच्या आतल्या सालीसारखा.
सोंड छातीशी दुमडलेली.
रंगाच्या रकान्यात लिहिलं 'पिवळट तपकिरी'
आणि लेखणी उचलली.

न्यादझानी मावशीच्या पोत्यात तो हिरवा असे.
आम्ही त्याला थोंगोलिफा म्हणतो.
डोंगरावर पोचायचं ते उजाडायच्या आत,
गारठ्यानं फांदीला घोसच्या घोस बधिर लटकलेले असत.
ऊन चढलं की हाती फक्त फांदी.
'डोळे सांभाळ गं,' मावशी ओरडे,
तेवढ्यात एखादा पिचकारी सोडेच.
बोटं आठवडाभर नारिंगी.
शाळेत रेंदानी बाई माझा हात उलटा करून पाहत,
बोलत काही नसत.
त्यांचीही नखं तशीच.

घरी बादली, कोमट पाणी, लाकडी डाव.
जिवंत किडे पाण्यात संतापत,
होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकत.
आम्ही तोंड फिरवून ढवळायचो.
पाणी बदल, पुन्हा ढवळ, पुन्हा बदल.
मग उकळी, मग ऊन, मग मीठ,
आणि मक्याच्या घट्ट घाट्याबरोबर
दाताखाली कुर्रर्र.

पोत्यात चिरडून मेलेले मात्र आधीच निवडायचे.
त्यांना संतापायला वेळच मिळालेला नसतो.
एकेकाचं मुंडकं खुडायचं, पोट दाबायचं,
निघेल तो हिरवा थेंब दगडाला पुसायचा.
'मेलेला कडू राहतो,' मावशी म्हणे.
तिच्या भावाला पुरून आलो त्या दिवशीही
तिनं पोतं अंगणात ओतलं,
निवडायला बसली,
आणि हेच म्हणाली.
त्या दोघांचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं.

हा १९३१ चा.
याचं पोट कुणी दाबलेलं नाही.
मी दार बघते, कुणी येत नाहीसं पाहून
पेटीत नाक घालते. डांबरगोळ्या. फक्त डांबरगोळ्या.

रंग खोडत नाही.
शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो,
साहेब तो कोराच ठेवायला सांगतात.
बारीक अक्षरात लिहिते:
कडू.