सहा आणे

दुपार म्हणायची म्हणून दुपार.
सूर्य क्षितिजाभोवती फेऱ्या घालतोय
आणि एकिलाना अँटेनावरचा भुरा बर्फ
भिंती रंगवायच्या ब्रशनं झाडतेय.
उणे एकोणीस. वारा पडलेला.

दोन अँटेना, मधे दोनशे पावलं,
दोघींची तोंडं खाली.
एक बोलते, दुसरी ऐकते.
तळाशी, तीन किलोमीटरवर, खडक:
आमच्यापैकी कुणी न पाहिलेला.

काम म्हटलं तर वाण्याच्या दुकानातलं.
किती दिलं, किती परत आलं.
दर नऊशे मीटरला बर्फ आपली दलाली कापतो,
रुपयाचे सहा आणे उरतात,
सहा आण्यांचे सव्वादोन,
पुढे मोड मिळत नाही.
खडकाला शिवून वर येईतो
हाताला राहतो नाण्याचा नुसता वास.
(नऊशे की साडेआठशे?
त्यासाठीच तर आलोय एवढ्या लांब,
ग्रीनलंडच्या या पांढऱ्या पाठीवर.)

कधीतरी एक न्यूट्रिनो येईल,
कुठल्या आकाशगंगेतून, कुणाला ठाऊक.
डोंगर त्याला डोंगर वाटत नाही.
पण लाखात एखादा अडखळतो,
आणि बर्फात रेडिओची एक ठिणगी उडते,
डोळ्याला न दिसणारी,
अब्जांश सेकंदात विझणारी.
ती किती लांबून ऐकू येते
ते कळल्याशिवाय
कान कुठे पुरायचे ते ठरत नाही.

योकुम बर्फगाडी चालवतो.
त्याआधी तीस वर्षं उम्मानाकच्या फियोर्डात
हॅलिबट धरायचा.
थर्मासचं झाकण फिरवता फिरवता म्हणाला,
कसल्या लहरी गं?
शंभर ते तीनशे मेगाहर्ट्झ, एकिलाना म्हणाली.
म्हणजे एकशे छप्पन्नही?
एकशे छप्पन्नही.

एकशे छप्पन्न पॉइंट आठ.
बोटींचा सोळा नंबरचा चॅनल.
एनोक, त्याचा धाकटा भाऊ,
ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी त्यावर बोलला.
अर्धं वाक्य आलं. "योकुम, इकडे पाणी..."
पुढचं नाही.
मधे हिमनग होते, घराएवढे, चर्चएवढे.
अकरा वर्षं मी म्हणतोय, बर्फानं खाल्लं.

एकिलानानं हातमोजा काढला, परत घातला.
तिला खोटं बोलता येत नाही,
निदान आकड्यांबाबत तरी.
बर्फ एवढं खात नाही, ती म्हणाली.
हिमनग म्हणजे जेमतेम रुपयाचे बारा आणे.
तिथं कडा आहे ना, बंदराच्या अलीकडे?
कड्यानं अडवलं असेल.
किंवा पाणीच शिरलं असेल रेडिओत.

योकुम बराच वेळ
पायाखालच्याकडे पाहत राहिला,
कुणावर उगाच धरलेला डूख
कसा सोडायचा असतो ते आठवत असल्यासारखा.

मग म्हणाला, तेवढ्यावर एकदा करून बघाल?

वेळापत्रकात नव्हतं. बॅटरी अर्ध्यावर.
एकिलानानं माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे.
दहा हजार स्पंदनं पाठवली, एकावर एक रचली,
तेव्हा कुठे गोंगाट खाली बसला
आणि पडद्यावर, छत्तीस मायक्रोसेकंदांपाशी,
एक टेकाड उभं राहिलं.
लहान. पण आपलं आपण उभं.

खडक, ती म्हणाली.

अडवणाराही तोच? योकुमनं विचारलं.
याला उत्तर नव्हतं.
खडक शंभरातलं किती परत देतो
हे आम्हीही गृहीतच धरतो,
सगळ्यात मोठी चूक तिथंच असते,
आणि आकड्यापुढे अधिक-उणे लिहून
आम्ही ती मान्य करतो.

संध्याकाळी वही पुरी केली.
वारंवारता, तापमान, खोली,
एकशे छप्पन्नच्या ओळीत नऊशे दहा, अधिक-उणे साठ.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
मापन चालू असताना
चालकानं न सांगता इंजिन बंद ठेवलं,
हीटरसकट.
पाऊण तास.