मुद्देमाल पावती

खोलीची चावी उद्या सेलोकरबाईंकडे जाईल.
मी यादी वाचतोय, त्या बरोबरची खूण करतायत.
मोहाच्या दारूचे कॅन, रिकामे, सात.
सब्बल, एक.
झुंजीच्या कोंबड्याची काती, दोऱ्यासकट.
सायकल, हिरवी, दिवा नसलेली.
इथं मी अडकलो.
बाई म्हणाल्या, कुणाची?
म्हटलं, आहे एकाची.

उमरेडच्या पुढं आमचं गाव एवढंसं,
ठाण्यात कुणी शिंकलं तर बाजारात नाव कळतं.
शिपायाची सासुरवाडी, आरोपीचं किराणा,
साक्षीदाराची गाय, सगळं एका बोळीत.
माझ्या पोरीच्या लग्नात जे वाढायला होते
त्यांतल्या चौघांना मी कधी ना कधी दोरी लावून नेलंय.
त्यातलाच एक आग्रह करत होता,
घ्या न बापा हवालदारसाहेब, बुंदी घ्या.

दोन हजार तीन. तान्ह्या पोळ्याची रात्र.
निम्मं ठाणं नागपूरला, मारबतीच्या बंदोबस्ताला.
नाक्यावर नवे साहेब, लांबून बदलून आलेले.
गावात त्यांच्या ओळखीचं कुणीच नव्हतं,
म्हणून सगळेच संशयित.
दुर्वास नेवारे, वय एकोणीस,
मिरचीच्या सातऱ्यावरून परतत होता.
काहून फिरून राहिला बे रातच्यानं?
घरी चाललो साहेब, घर तिकडंच हाय.
एवढंच बोलला.
पण हसून बोलला.

कलम एकशेबावीस. सूर्यास्तानंतर, संशयास्पद रीतीने.
हसण्याला कलम नाही.
पुढचं मी पाहिलं नाही, मी डायरी लिहीत होतो.
मधली भिंत चार इंची.
२३.४० वा. आरोपीची प्रकृती ठीक.
०६.१५ वा. समज देऊन सोडले.
हात माझा नव्हता.
अक्षर माझं आहे,
वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेलं.

त्याचा डावा कान गेला.
हिंगण्याला प्रेस मशीनवर असतो,
तिथं म्हणे तसंही कुणाला काही ऐकू येत नाही.
साहेब वर्षभरात बदलून गेले.
मी इथलाच, कुठं जाणार?
बुधवारच्या बाजारात इस्तारी नेवारे, त्याचा बाप,
मला मिरची देतो, मापावर एक मूठ जास्त.
बावीस वर्षं.
ती मूठ भीती आहे, की व्यवहार, की आणखी काही,
मी विचारलं नाही.
पिशवीचं तोंड मात्र दर वेळी उघडं धरलं.

यादी बाजूला ठेवली.
चाकं फिरेनात, तेव्हा सायकल खांद्यावर घेतली
आणि निघालो, गणवेशात, टोपीसकट.
टपरीवरचे गिलास ओठांपाशी थांबले.
कुत्रंही भुंकलं नाही,
ओळखीचं होतं.

पार्बताबाई दारात देठं खुडत बसलेली.
सायकल पाहिली, मग मला.
दंड किती भराचा?
म्हटलं, दंड नाही.
मंग आता काहून आनली?
पावतीवर नाव, तारीख, वस्तूचे वर्णन, सही.
या प्रश्नासाठी रकाना नाही.
म्हटलं, इथं अंगठा द्या.
तिनं पदराला हात पुसले, दिला.

लेकीचं पोरगं आतून धावत आलं,
त्यानं सरळ घंटीला हात घातला.
वाजली की.
टायर कुजलं, साखळीचा दगड झाला, घंटी वाजली.
पार्बताबाई म्हणाली,
धीरे वाजव बाबू,
साहेब उभे हायेत.

ठाण्यात आलो. बाई जेवायला गेल्या होत्या.
डायरी ओढली.
१७.१० वा. सायकल मूळ मालकास परत दिली.
लिहून झाल्यावर
‘मूळ मालकास’ खोडलं.
खाडाखोड केली की शेजारी सही लागते.
केली.