धावदोरा

अनवाणी उभी राहा, शमसा म्हणाली,
त्या काळ्या पट्टीवर. हात मोकळे, नजर समोर.
मी हात मोकळे सोडले.
उजवा अजून पुरता सरळ होत नाही,
रमजानच्या आधी न्हाणीघरात पडले तेव्हापासून.

पडद्यावर माझे पाय उमटले, माझ्याआधीच.
टाचा पिवळ्या, बोटं निळसर,
करंगळ्या जवळजवळ नाहीतच,
आणि उजव्या चवड्याखाली लालभडक डाग,
पन्नास बैसांच्या नाण्याएवढा.

इथे एवढा भार कसला, खाला?
पोर बलुची घरातली, हिंदी बोलते सिनेमातली.
मी म्हटलं, बाई, तिथे एकतीस वर्षं पायडल होतं.
मत्राच्या सुकात, लोबानवाल्याच्या मागे,
पडद्याआडचं दुकान, दोन माणसं उभी राहिली की भरलं.
किती अबाया शिवल्या, कोण मोजतो.
तुझ्या आईच्या लग्नाचा हिरवा जोडा
त्यातलाच असेल एखादा.
ती हसली आणि वहीत काहीतरी लिहिलं.
बहुतेक 'शिलाई' नसेल लिहिलं.

मग मी बोट ठेवलं
टाच आणि चवडा यांच्या मधल्या पांढऱ्या जागेवर.
तिथे पाय जमिनीला लागत नाही, ती म्हणाली,
ती कमान.
मला ते आखात दिसलं.
बाणकोटात तसंच म्हणायचे सगळे,
चौगुल्यांची नफिसा आखातात गेली.
गेले खरी. एक कड इथे, एक कड तिथे,
मधलं कुठेच न टेकलेलं,
आणि मी त्याच्यावरच उभी.

आता एक पाय उचल.
वाहिद, इथ्नेन, तलाता,
चाराला मी दांडा धरला.

आमच्या भाषेत तोल जातो तो रागात.
माझा कधी गेला नाही.
मालकाने सात महिन्यांचा पगार अडकवला तेव्हा नाही,
याकूबने तिकडे दुसरं घर केलं
आणि मला ते फोनवर तिसऱ्याच माणसाकडून कळलं,
तेव्हाही नाही. त्या दिवशी मी
एका बाहीला काज करत होते, ते पुरं केलं.
आणि आता गेला तो कशाने,
तर साबणाच्या वडीने.

रोज चालायचं, असा कागद मिळाला.
जूनमध्ये इथे बाहेर कोण चालणार,
सकाळी सातलाच रस्ता तव्यासारखा.
म्हणून आम्ही मॉलमध्ये चालतो, दुकानं उघडण्याआधी.
मी, तंकम्मा, आणि सूरची बिल्किस,
जिच्या गुडघ्यात आता स्टील आहे
आणि जिभेत आधीपासूनच होतं.
नेपाळी वॉचमन दार उघडतो, मग फिरता जिना बंद असला
तरी आमच्यासाठी मुद्दाम चालू करत नाही.
शटरमागे पुतळ्या उभ्या, उंच, बिनडोक्याच्या,
एकेका पायावर मजेत भार टाकून.
मी त्यांच्या शिवणी बघते.
टीप किती विरळ घालतात हल्ली.

फरशीच्या दोन लाद्यांमध्ये एक रेघ जाते,
चपलांच्या दुकानापासून थेट कारंज्यापर्यंत.
त्या रेघेवर टाच, टाचेपुढे बोटं,
पुन्हा टाच. घाई नाही.
खडूच्या खुणेवरून सुई जाते तसं,
वर, खाली, वर.
धावदोरा म्हणतात त्याला. नुसता नावाला धावतो,
पक्की शिलाई मागाहून यायची असते,
तोवर कापड धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

आज अकरा पावलं.
बाराव्याला तंकम्माचा खांदा,
आणि ती मल्याळममध्ये काय म्हणाली ते कळलं नाही,
पण शिवीच होती.

फजरला सजद्यातून उठताना
अजून एक हात जमिनीला लागतो.
दोन लागायचे.
नमाजाची खुर्ची भिंतीशीच आहे, काढलेली नाही.
कालपासून तिच्यावर
ओढण्या वाळत घातल्यात.